वरचा एक तास

विमानतळावर हातातला चहाचा पेला शेजारच्या तरुणाच्या शर्टावर सांडला, आणि माफी मागायची सोडून विदादनं विचारलं, "मॉन्ट्रियलचं विमान आलं का हो?"

"नाही ना... माझी आईही त्यातच आहे." रुमाल शोधता शोधता तो म्हणाला. सोहैब त्याचं नाव.

विदादचे वडील होते त्यात. हृदयाच्या ऑपरेशनसाठी थोरल्या मुलाकडे गेलेले, आज घरी परतत होते. मॉन्ट्रियल ते कासाब्लांका साडेपाच हजार किलोमीटर, पावणेसात तास, आणि खाली नुसता समुद्र! सव्वाअकराला उतरायचं विमान, आणि तिच्या घड्याळात बारा वाजत आलेले. त्याच्याही. फलकावर मात्र 'वेळेवर' एवढंच. भोवतीची माणसं तर खुशाल गप्पा मारत होती. त्यांच्या त्या निवांतपणाचीच तिला जास्त भीती वाटायला लागली.

"इंधन पावणेसात तासांचंच भरत असतील का?"

"जास्त भरतात, लल्ला," अशी अदबीनं हाक मारत तो म्हणाला. "माझी आई वैमानिकाला जेवू घालत बसली असेल, म्हणून उशीर."

तिला हसू फुटलं, आणि लगेच रडूही. "हसवू नका... रडायला येतंय मला."

"मग रडा. शर्ट तसाही भिजलाय."

तिनं त्याचा हात कधी धरला, तिचं तिलाच कळलं नाही. तोही सारखा घड्याळात बघत होता.

"तुम्हालाही भीती वाटतेय?"

"जीव मुठीत धरून बसलोय... आणि मुठीत तुमचा हात आहे."

मग तो पुदिन्याचा चहा आणायला गेला. परत आला, तिच्या शेजारी टेकला, हात पुढे केला.

"काही कळलं?"

"अं... येईल. बसू जरा."

तिनं डोळे मिटले. काळं पाणी, त्यात बाबा, आणि त्यांना पोहता येत नाही. चहा तसाच गार झाला.

तेवढ्यात घोषणा झाली. विमान उतरलं होतं, आणि तेही वेळेवर!

"मग तासभर होतं कुठं हे?"

सोहैबनं मान खाली घातली. "कुठंच नव्हतं. रमजान तोंडावर आलाय... दर रमजानला घेतात तशी रात्री अख्ख्या देशानं घड्याळं तासभर मागे घेतली. आपण दोघंच विसरलो."

"तुम्हाला कधी कळलं?"

"चहा आणायला गेलो तेव्हा."

"म्हणजे मी इथं बाबांना समुद्रात बुडवत बसले होते, आणि तुम्ही गप्प?"

"चुकलंच माझं. पण सांगितलं असतं, तर... तुम्ही हात सोडला असता."

ती काही बोलणार, तोच दार सरकलं. चाकाच्या खुर्चीत बाबा होते. वाळलेले, पण हसणारे. ती धावली, त्यांच्या गळ्यात पडून पोटभर रडली. मागे सोहैबची आई त्याच्या शर्टाचा डाग पाहून त्याला फैलावर घेत होती.

डोळे पुसत विदाद त्याच्याकडे वळली. राग अजून गेला नव्हता.

"पुन्हा असं केलंस तर याद राख. कळल्या कळल्या सांगायचं."

"आणि... हात?"

"तो मी तरीही सोडला नसता."