निळ्या खड्यांतलं पाणी

"काटा एकदम ठणठणीत आहे. आजारी दुसरंच कुणीतरी दिसतंय!"

कॉलेजच्या प्रयोगशाळेत वजनकाटा तपासायला आलेला तो मेकॅनिक माझ्याकडे बघून हसला, आणि मी तापलेच. नोकरीला लागून मला जेमतेम तीन महिने झाले होते, अजून कायम व्हायचं होतं. दुसऱ्या दिवशी मुलांची प्रॅक्टिकलची परीक्षा, आणि मी बनवलेलं मोरचुदाचं द्रावण दर वेळी फिकं निघत होतं. काटा बिघडलाय, असं मी विभागप्रमुख मॅडमना सांगूनही बसले होते.

"पुन्हा तपासा," मी फणकारले.

त्याने तपासलं. चिमट्याने एकेक वजन इतकं अलगद ठेवत होता, की माझी नजर उगाचच त्याच्या बोटांवर रेंगाळली...

"बरोबर आहे हो. पण मला एक सांगा, हे मोल म्हणजे काय प्रकरण? बारावीत माझी दांडी त्यानेच उडवली."

"डझन म्हणजे बारा ना? तसा मोल म्हणजे एक ठरलेला, अफाट मोठा आकडा. एवढे कण मोजणार कसे? म्हणून तोलायचे. एका मोलचं वजन, ते मोलर मास."

"म्हणजे खिळे मोजत बसत नाहीत, किलोवर देतात, तसं!"

मला हसू आलं. मी वहीत मांडून दाखवलं. तांबं साडेत्रेसष्ट, गंधक बत्तीस, चार ऑक्सिजनचे चौसष्ट. एकूण एकशे साडेएकोणसाठ. "आम्हाला लिटरला याचा दहावा भाग लागतो. सोळा ग्रॅमच्या आसपास."

तो बरणीवरचं लेबल वाचत होता. "आणि हे शेवटी पाच पाणी लिहिलंय... ते नाही धरायचं?"

मी बरणी जवळ ओढली. निळ्या खड्यांत पाणी असतंच की! अठरा पंचे नव्वद... एकूण जवळजवळ अडीचशे, म्हणजे पंचवीस ग्रॅम हवे होते, आणि मी सोळाच घेत होते.

तो हळूच म्हणाला, "काटा बिघडला होता असं लिहून देऊ? तुमची नोकरी—"

क्षणभर मोह झाला. "नको. त्या काट्याने माझं काय घोडं मारलंय?"

तो माझ्याकडे बघतच राहिला.

मॅडमना मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा वर सरकवला. "चुका सगळेच करतात. आपणहून सांगायला आलेली तूच पहिली. जा, नवीन द्रावण कर."

परीक्षा सुरळीत पार पडली. चौथ्या दिवशी दुपारी तो दारात उभा.

"काटा चांगला चाललाय," मी म्हणाले.

"माहीत आहे. मी... तुम्हाला बघायला आलो." त्याचे कान लाल झाले होते. "त्या दिवशी तुम्ही 'नको' म्हणालात ना, तेव्हापासून तुम्ही मला फार आवडता. मला तोलूनमापून बोलता येत नाही."

"काटेवाले असून?"

"हो ना!"

मी हातमोजे काढले. नळाखाली हात धुतले, जरा जास्तच वेळ, कारण चेहऱ्यावरचं हसू आवरत नव्हतं.

"मी पाचला सुटते," पाठमोरीच म्हणाले. "थांबाल?"

त्याने स्टूल ओढलं आणि ऐसपैस बसला. घड्याळात दोन वाजले होते.