पाण्याची काच

दिवा जरा मोठा करा, मग सांगतो. आधीच सांगून ठेवतो, भुताखेतांना मी भीक घालत नाही. जे घडलं तेवढंच सांगेन.

फेब्रुवारी एक्याण्णव, आखाती युद्धाचे दिवस. कुवेतमधल्या एका इस्पितळात मी बॉयलर सांभाळत होतो आणि माझी बायको प्रेमा ऑपरेशन थिएटरची नर्स होती. रुमैथियातली खोली सोडून आम्ही इस्पितळातच राहायला आलो होतो. इराकी सैन्यानं तेलविहिरी पेटवून दिल्या होत्या. धुरानं भर दुपारी काळोख झाला होता, आणि रॉकेलच्या स्टोव्हसारखा वास नाकातून हटत नव्हता. डॉक्टर अहमदना एका जखमी मुलीचं ऑपरेशन करायचं होतं. कात्र्या-चिमटे उकळायला वाफ हवी, म्हणून मी बॉयलर पेटवायला गेलो. रोजचंच काम.

बॉयलरखोलीच्या भिंतीपलीकडे कपड्यांची खोली होती. ऊब मिळते म्हणून थिएटरच्या पाचसहा नर्सा तिथेच झोपायच्या. प्रेमाही रात्रपाळी करून तिथे आडवी झाली होती.

मी मूळचा रेल्वेचा माणूस. तरुणपणी एक्सबी जातीच्या वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून कोळसा मारला. ही इंजिनं विलायतेत घडवलेली, मेल आणि पॅसेंजर ओढायला आणलेली. हलका कोळसाही जळावा म्हणून भट्टी ऐसपैस. पण वेग वाढला की म्हशीसारखी मान डोलवायची, त्यामुळे साहेबलोकांनी पुढे त्यांचा वेगच बांधून टाकला. म्हातारपणी आमच्यासारख्यांच्या हाती आली. मी त्यांच्यावर फार जीव लावला.

माझे उस्ताद ड्रायव्हर लक्ष्मीकांत. त्यांची एक पद्धत होती. फावड्यानं भट्टीच्या दारावर दोन टोले द्यायचे आणि विचारायचं, "पाणी?" फायरमननं बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेकडे नुसतं बघून उत्तर द्यायचं नाही. काचेखालची तोटी उघडायची, काच रिकामी करायची, पाणी परत वर चढलं तरच म्हणायचं, "हाय, उस्ताद." काचेची नळी तुंबली की काच खोटं बोलते, आणि पाणी संपलं की बॉयलर फुटतो. एकदा मी रजेवर असताना माझ्या जागी तुकाराम नावाचा पोऱ्या गेला. तोटीला हात न लावता "हाय" म्हणाला असावा. बॉयलर फुटला, दोघेही गेले. उस्तादांसाठी मी खूप रडलो होतो.

तर त्या दुपारी मी बर्नर पेटवला. जनरेटर आधीच कुरकुरणारा, त्यात डिझेल गाळाचं. पाणी कमी झालं की आग आपोआप बंद करणारी कळ कधीच बिघडली होती, सुटा भाग मिळत नव्हता. पण काचेत पाणी अर्ध्यावर होतं. माझा हात जाणता होता, म्हणून मी निर्धास्त होतो.

दाब चढत होता. एवढ्यात लोखंडावर दोन टोले पडले. मग हळूच...

"पाणी?"

कंदील उचलून पाहिलं. खोलीत मी एकटा. नाकात कोळशाचा वास आला, आणि त्या देशात कोळसा मी कधी पाहिला नव्हता. धुरानं डोकं भणभणलंय, असं म्हणून मी हसलो आणि पुन्हा टेकलो.

पुन्हा दोन टोले.

"पाणी...?"

या वेळी डोक्याआधी हात हलला. तोटी उघडली. काच रिकामी झाली, वाफ फुसफुसली, तोटी बंद केली. पाणी वर चढलं नाही. काच कोरडीच राहिली.

"नाही, उस्ताद!" मी ओरडलो.

आग बंद केली. बॉयलरच्या तापलेल्या पोटात पाणी सोडायचं नसतं, ते सोडलं नाही. धावत जाऊन नर्सांना अंगणात काढलं. बॉयलर गार झाल्यावर उघडला, तर पाणी तळाला गेलेलं आणि आतल्या नळ्या तापून निळ्या पडलेल्या. आणखी थोडा वेळ गेला असता तर ती भिंत पहिली उडाली असती. मुलीचं ऑपरेशन स्टोव्हवर कात्र्या उकळून झालं, आणि ती वाचली.

संध्याकाळी चहा देताना प्रेमा रागावलेली होती.

"अहो, आधी नीट बघायचं ना. दोनदा 'हाय उस्ताद' म्हणालात, मग एकदम 'नाही' म्हणून ओरडलात."

"मी एकदाच बोललो, प्रेमा. नाही म्हणालो तेवढंच."

"मी जागी होते. कोणीतरी विचारत होतं आणि तुम्ही लगेच हाय म्हणत होतात. अगदी माझ्या उशाशी, भिंतीला टेकून बोलल्यासारखं."

कंदील घेऊन मी परत बॉयलरखोलीत गेलो आणि पाहून आलो. तिच्या उशाच्या भिंतीला या बाजूनं टेकायला माणसाला जागाच नव्हती. तिथे भिंतीला चिकटून बॉयलर होता.