बियाण्याच्या हॉलमधली हवा

मका निवडता निवडता चांगुणाबाई टेबलावरच कोसळल्या. त्या आठवड्यात हॉलमध्ये चक्कर येऊन पडलेली ती तिसरी बाई.

अक्षता बदनापूरजवळच्या त्या बियाणे कारखान्यात पोचली, तेव्हा चांगुणाबाईंना दवाखान्यात नेलं होतं. बाकीच्या बायका दारं-खिडक्या बंद करून कामालाच बसलेल्या. अक्षताचं काम हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारे सेन्सर तपासायचं. भिंतीवरच्या कुलूपबंद डब्यातला सेन्सर सहाशे दाखवत होता. आकडा हजारावर गेला, की बाहेरची हवा आत ओढणारा पंखा आपोआप लागायचा.

तिने नुकतंच तपासून घेतलेलं आपलं मीटर शेजारी धरलं. एकोणीसशे.

"दारं उघडा. सगळ्यांना बाहेर काढा."

हॉल रिकामा झाला, हवा खेळू लागली. तिचं मीटर बाहेरच्या हवेइतकं, चारशेच्या आसपास आलं. भिंतीवरचा सेन्सर मात्र शून्यावर टेकला, त्याच्या खाली तो जातच नाही. अक्षता अस्वस्थपणे येरझाऱ्या घालू लागली. हवेत हा वायू शून्य कधीच नसतो.

"डब्याची चावी कोणाकडे असते?"

"एक माझ्याकडं, एक मेकॅनिक मिथुनकडं," सुपरवायझर भागवत म्हणाला. "त्यानंच बसवलं हे. त्याच्याच हातून बिघडलं असंल. म्या तर हातबी लावला न्हाई."

"मिथुन कधी येतो?"

"फक्त सुट्टीच्या दिवशी. तवा हॉल रिकामा ऱ्हातो, दारं बी उघडी."

"पंखा शेवटचा कधी लागला होता?"

"लई दिस झाले, ताई," बाहेर आलेल्या बायकांतली कांताबाई दारातून म्हणाली. "तो लागला की हे भाऊ वैतागायचे. बियाण्याला ओल धरती म्हणायचे."

अक्षता भागवतसमोर थांबली.

"या सेन्सरला एक बटण आहे. ते दाबलं, की समोरची हवा तो बाहेरची ताजी हवाच धरतो, चारशेची. मघाशी एकोणीसशेच्या हवेला तो सहाशे दाखवत होता, तेराशेने कमी. म्हणजे बटण दाबलं, तेव्हा इथली हवा सतराशेची होती. रिकाम्या, उघड्या हॉलमध्ये ती तेवढी होत नाही. माणसं कोंडून बसली, तरच होते. मिथुन तेव्हा इथं नसतो. दुसरी चावी तुमची."

भागवतने खिशातून चावी काढली.

"मागच्या पावसात अख्खा लॉट ओलीनं गेल्ता. मालकानं सगळ्यांदेखत झापलं. वाटलं, बायकांचं जरा डोकं दुखंल, दुसरं काय."

अक्षताने त्याच्याकडून चावी घेतली आणि पंखा हाताने सुरू केला.

"चांगुणा शुद्धीवर आलीय," कांताबाई फोन ठेवत शांतपणे म्हणाली. "ती येऊ द्या. हे तिच्यापुढं सांगा, भाऊ. तवर आमच्यातली एकबी इथं बसणार न्हाई."