तिसरी ओळ

रविवारी सकाळी अकरा वाजता फुलचूरच्या सभागृहात रुचिकानं व्हायोलिन हनुवटीखाली धरलं. अकरा वाजून चार मिनिटांनी पहिली शिट्टी आली.

लोक ईश्वरदास मास्तरांच्या वर्षश्राद्धाला आले होते. भजन होईल, मग जेवण, अशा बेतानं. मास्तरांनी मरण्यापूर्वी लिहून ठेवलेल्या या रचनेत मात्र ना चाल होती, ना ठेका. तारेवर गज घासल्याचा आवाज, लांबलचक शांतता, पुन्हा घासणं. खिडकीतून राईस मिलचा, उकडलेल्या धानाचा वास येत होता.

"डुकरं हाकलून राहिली का वं?" मागून मुन्ना ओरडला. हशा पिकला.

रुचिकाची नजर वहीवर गेली. सराव तिनं मास्तरांनी उतरवून दिलेल्या एका ओळीवरून केला होता. मूळ वही मास्तरांच्या बायकोनं, सुशीलाबाईंनी, आज सकाळीच हातात दिली. वरची ओळ व्हायोलिनची. खाली मिनिटं. तिसरी ओळ श्रोत्यांची. तिथं मास्तरांच्या अक्षरात लिहिलं होतं: मुन्ना, डुकरं.

तिला विशेष वाटलं नाही. आयुष्यभर झाडीपट्टीच्या नाटकांत वाजवलेल्या मास्तरांना, शिट्ट्या कुठं पडतील ते वहीत आधीच टिपायची सवय होती. तेवढा वेळ वादकांनी थांबायचं.

"कोहमाऱ्यात ट्रकचे ब्रेक बी याहून सुरात वाजतेत!"

वहीत होतं: ट्रक, कोहमारा.

पुढं होतं: अकरा सतरा, खुर्ची पडेल. अकरा सतराला पडली.

तिसऱ्या रांगेतून तिचा बाप टिकाराम दबक्या आवाजात म्हणाला, "बस कर वं पोरी. लोकं हासून राहिले."

तेही होतं.

तिनं पान उलटलं. शेवटचं. एकच लांब सूर. मग: व्हायोलिन थांबेल. टिकाराम: पोरी, पाणी दे.

त्यापुढं टिकारामचं नाव कुठंच नव्हतं. आईचं होतं. प्रेमिला: हंबरडा.

आई तर घरी होती.

रुचिकानं गज फिरवला. सूर तुटू दिला नाही.

"बंद कर ना! आमी कायले आलो?" मंचावर एक चप्पल येऊन पडली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, तोच सूर. टिकाराम खाकरला, गळ्यावरून हात फिरवू लागला.

तिनं माइक सांभाळणाऱ्या उमेंद्रला डोळ्यांनीच बाटली दाखवली, मग वडील. त्यानं नेऊन दिली. टिकाराम घटाघटा प्यायला.

मागितलं नव्हतं.

साडेबाराला टिकाराम आणि उमेंद्र सोडले तर सभागृह रिकामं झालं. उमेंद्र जवळ आला. "थांब ना वं आता. तुले झालं तरी काय?"

तिनं डोळ्यांनीच पुन्हा पाणी दाखवलं.

एक वाजून पाच मिनिटं. गजाचे निम्मे केस तुटून लोंबत होते. सूर चालू होता. दारात प्रेमिला चपला काढत होती.

टिकारामनं दुसरी बाटली उलटी करून पाहिली.