एकशे एकोणीस भाग आणि एक दोष

"एकशे अठरा," चष्म्याने शेवटचा भाग कापडावर ठेवला. "यादीत एकशे एकोणीस आहेत. एक गहाळ."

"तुझ्या कोपराखाली बघ," ताई म्हणाली.

तिथे सुटं चाक होतं, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. मामाने मान न वळवता वहीत लिहिलं : भाग पूर्ण.

मामा एका मासिकासाठी प्रतिकृतींच्या संचांची परीक्षणं लिहीत असे. या आठवड्यातला संच होता युद्धकाळातल्या एका लष्करी गाडीचा. पुढे चाकं, मागे साखळीपट्टे, आणि सगळं रेझिनमध्ये, म्हणजे प्लास्टिकसारख्या कडक होणाऱ्या रसायनात, ओतलेलं, फिकट पिवळ्या रंगाचं. सुट्टीला आलेली ही दोन भाचरं त्याची मदतनीस. तेरा वर्षांची ताई मापं घेई, तिचा अकरा वर्षांचा भाऊ, ज्याला सगळे चष्मा म्हणत, भाग मोजी. पण भाग पॉलिशकागदाने घासायची वेळ झाली की दोघांना बाहेर जावं लागे. मामा दार लावून घेई, तोंडाला मास्क बांधी आणि भिंतीतला, धूळ बाहेर फेकणारा पंखा सुरू करी.

त्यांची धाकटी बहीण चिमणी चार वर्षांची. दुपारी ती शेजारच्या खोलीत, खिडकीखालच्या पलंगावर झोपे. आल्यानंतर तिसऱ्या दिवसापासून तिला खोकला लागला होता. सकाळी ती घरभर बागडे. दुपार कलली की मात्र तिच्या छातीतून बारीक शिट्टी ऐकू येई, जणू आत कुणी दूरवर दार किलकिलं ठेवून विसरलं आहे. डॉक्टरांनी औषध दिलं होतं. हवा बदलली की मुलांना असं होतंच, असं मामी म्हणे आणि कामाला लागे.

ताईला मात्र त्या शिट्टीची भीती वाटे. ती उशाशी बसून श्वास मोजी. दोन श्वासांमधलं अंतर जरा लांबलं, की तिचाही श्वास थांबे.

असंच एका दुपारी तिचं बोट खिडकीच्या चौकटीवरून फिरलं आणि ती दचकली. मागच्या आठवड्यात याच चौकटीवरच्या धुळीत तिने चिमणीला मांजर काढून दाखवलं होतं. तेव्हाची धूळ राखाडी होती. आजची धूळ पिवळसर होती.

तिने चष्म्याला हळूच बोलावलं. मागचा संच कोणत्या रंगाचा होता, एवढंच विचारलं.

"राखाडी," तो म्हणाला, आणि चौकटीवरच्या पिवळ्या धुळीकडे बघू लागला.

दोघं मागच्या बोळात धावली. मामाच्या खोलीचा पंखा आणि चिमणीची खिडकी यांच्यात हातभराचंही अंतर नव्हतं. मामा बाहेर टाकत होता ते सगळं सरळ आत येत होतं.

ताईने आधी चिमणीला उचलून पुढच्या खोलीत नेलं. मामीने तिथल्या आवाजात पोर झोपणार कशी म्हणून तिला परत आणून ठेवलं. ताईने खिडकी लावली. उकडतंय म्हणून मामीने ती उघडली. मग दोघं मामाकडे गेली. त्याने दार बोटभर उघडून ऐकलं आणि हसून समजावलं, की त्याच्या तोंडाला मास्क आहे, पंखा आहे, काळजीचं कारणच नाही. पाण्यात घासलं तर धूळ उडत नाही हे त्यालाही ठाऊक होतं, पण ओल्या रेझिनवर ओतताना राहिलेल्या बुडबुड्यांची भोकं दिसत नाहीत, आणि भोकं सुटली तर परीक्षण खोटं ठरतं.

"बोलून उपयोग नाही," ताई म्हणाली. "मामा माणसांचं ऐकत नाही. खोक्यांचं ऐकतो."

दुसऱ्या दिवशी मामा बाजारात गेला तेव्हा त्यांनी त्या खिडकीत तासभर काळा कागद ठेवला. कागद काळाच राहिला. दुपारी पंखा सुरू झाल्यावर दुसरा ठेवला. तो पिठात लोळल्यासारखा झाला. पलंगावर चिमणी उठून बसली होती, तोंड उघडून हवा शोधत होती, आणि तिचे ओठ निळसर दिसत होते. चष्म्याने घाईने चिठ्ठी लिहिली, ताईने ती कागदांसह संचाच्या रिकाम्या खोक्यात घालून दोरा बांधला, आणि दोघांनी मामाचं दार ठोठावलं.

न उघडलेलं खोकं मामा कधीच परत पाठवत नसे. त्याने दारातूनच ते घेतलं. आत दोन काळे कागद होते आणि त्याच्याच पद्धतीने लिहिलेलं परीक्षण :

'संच : पंखा आणि खिडकी. भाग : तीन. तिसरा भाग चिमणी. जुळणी : चुकीची. दोष : एक. तातडीने पाहावा.'

मामाने भिंग कागदावर धरलं. मग साखळीपट्ट्यावर. मग पुन्हा कागदावर. त्याने हात लांब करून पंखा बंद केला.

घरघर थांबली, आणि भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला. इतके दिवस पंख्याच्या आवाजाखाली दबलेला तो खोकला मामा पहिल्यांदाच ऐकत होता.

चिमणीला कडेवर घेऊन तो डॉक्टरांकडे अनवाणीच धावला; मागोमाग मामी, आणि कागद घेऊन दोघं मुलं.

डॉक्टरांनी तिला वाफ दिली, ते दोन्ही कागद मागून घेतले, आणि आपल्याला जे विचारायला सुचलं नाही ते मुलांनी शोधलं, असं मामीसमोर कबूल केलं. मामीने ताईचं डोकं बराच वेळ छातीशी धरलं.

पंखा भिंतीतून निघाला. मामा आता अंगणात, पाण्याच्या परातीत घासतो, भाग वाळवतो आणि मगच भोकं शोधतो. त्याला दुप्पट वेळ लागतो. त्या महिन्याच्या मासिकात गाडीच्या परीक्षणाखाली दोन मदतनिसांचे आभार होते : 'आमच्या नजरेतून सुटलेला सर्वांत मोठा दोष यांनी पकडला.'

पण ताईने ते नंतर वाचलं. मासिक आलं त्या दुपारी ती चिमणीच्या उशाशी बसून होती; शिट्टी आता ऐकू येत नव्हती. श्वास मोजता मोजता ती कधीतरी मोजायचं विसरली, आणि तिथेच झोपी गेली.