बासरीची हजेरी

दार लोटून घ्या रे. आणि तू, मागचा, तो मोबाइल खिशात घाल. भुताला नेटवर्क लागत नाही.

मागच्या थंडीतली गोष्ट. शुक्रवार, अमावास्येची आदली रात्र. मी शेजारी दोन गाद्या द्यायला निघालो होतो, एवढंच. शेजारी म्हणजे टायरवाला. पुढे पंक्चरचं दुकान, मागे घर. सगळे त्याला शेठ म्हणायचे. शेठचे दोन दोस्त मुक्कामाला आले, अंथरुणं कमी पडली, म्हणून वहिनींनी मधल्या भिंतीवर थाप मारून माझ्याकडे गाद्या मागितल्या. वहिनी म्हणजे शेठच्या थोरल्या भावाची बायको. थोरला फौजेत हवालदार. निवृत्त होऊन त्याच वर्षी घरी आला होता.

घरी आला म्हणजे काय, अंगाने आला. पहाटे दाढी करून बंद शटरसमोर ताठ उभा. गिऱ्हाईक दिसलं की टाचा जुळायच्या. ट्यूब टबात बुडवून बुडबुडा सापडला, की हा गडी "सापडला, साहेब!" अशी वर्दी द्यायचा. कुणाला? पोरसवदा रिक्षावाल्याला! शेठला तर आयताच तमाशा. भर दुकानात ओरडायचा, "दादा, सावधान!" दादाचे हात आपोआप मांड्यांना चिकटायचे. लोक हसायचे. मग दादाही हसायचा, आपण कशाला हसतोय ते न कळून. सख्खा भाऊ हं. परक्याने एवढं केलं नसतं.

रात्री हवालदार झोपेत हजेरी घ्यायचा. आपल्या तुकडीतल्या मेलेल्या पोरांची. "लंबू..." म्हणायचा. थांबायचा. "मास्तर..." थांबायचा. "बासरी..." कुणी ओ देत नसे. मग "लाइन तोड", म्हणजे पांगा, असा हुकूम देऊन कूस बदलायचा. बासरी सगळ्यांत धाकटा, फावल्या वेळी बासरी वाजवणारा. हवालदारानेच त्याला रस्ता बघायला पुढे पाठवलं होतं. रस्त्यात सुरुंग होता.

डॉक्टर म्हणाले, उठवू नका, आपोआप सुटेल. आणि सुटत होतं की! आधी हजेरीतून लंबू गेला. मग मास्तर. उरला फक्त बासरी. वहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "एवढं एक नाव गेलं ना, की माझा माणूस घरी आला म्हणायचा."

तर मी गाद्या घेऊन आत शिरलो. शेठ दोस्तांना सांगत होता, "थांबा, आमचा रेडिओ लागेल आता."

पडद्यामागच्या खाटेवरून आवाज आला. "बासरी..."

शेठने तोंडापुढे हाताचा भोंगा केला. "हजर, साहेब!"

दोस्तांनी उशीत तोंडं खुपसली. पण आतून 'लाइन तोड' आलं नाही. मग हवालदार झोपेतच म्हणाला, "उशीर केलास रे."

"चुकलो, साहेब. एसटी चुकली!"

वहिनी ओल्या हातांनी धावत आल्या. "भाऊजी, पाया पडते तुमच्या. जीभ आवरा."

"अहो वहिनी, माणसाला बरं वाटतंय, वाटू दे की!"

"बासरी," आतून आलं. "उद्या तुला पुढे जायचंय."

"जातो, साहेब!" शेठने बसल्या जागी सलाम ठोकला.

मी गाद्या ठेवल्या आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी हवालदार टवटवीत. शीळ घालत पंक्चर काढली. गिऱ्हाइकाशी हुज्जतसुद्धा घातली, पहिल्यांदाच. फक्त एक झालं. दुपारी हात पुढे करून शेठला म्हणाला, "बासरी, पाना दे."

"दादा, मी आहे."

"हो. तूच. दे."

शेठ हसला. पण अर्ध्यातच थांबला. त्या दिवशी 'सावधान' कुणी ओरडलं नाही.

आता ऐका. हे मला वहिनींनी सांगितलं. डोळ्यांत टिपूस नव्हतं.

त्या रात्री त्या जाग्याच होत्या. "बासरी..." आलं.

आणि शेठच्या खोलीतून उत्तर आलं. "हजर, साहेब."

थट्टेचा सूर नव्हता. कोवळा आवाज. मिसरूड फुटलेल्या पोराचा.

वहिनींनी पाहिलं. शेठ दारात उभा. अनवाणी. डोळे मिटलेले. टाचा जुळलेल्या. हात मांड्यांना चिकटलेले...

त्यांनी झेप घेऊन नवऱ्याचं तोंड दाबलं. घट्ट. तळव्याखाली ओठ हलत होते. शब्द ढकलत होते.

शेठ हुकमाची वाट बघत उभा. मिटल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मग त्याच्या खऱ्या आवाजात, अगदी हळू...

"वहिनी... काढू नका हात."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे.

...

वहिनींनी हात काढला.

"बासरी. पुढे जा. रस्ता बघून ये."

शेठ वळला. कडी वाजली. हवालदार म्हणाला, "लाइन तोड." आणि लहान मुलासारखा झोपला. तो आजतागायत तसाच शांत झोपतो. दुकानही तोच चालवतो, गिऱ्हाइकाला कुठे बसा म्हणायचं, कुठे फुटा म्हणायचं, सगळं जमतं आता.

"काका, आणि शेठ?"

सांगतो. कडीच्या आवाजाने मी बाहेर आलो होतो. हातात बॅटरी. समोरच्या रस्त्यावर त्याच संध्याकाळी काँक्रीट ओतलेलं, अजून ओलं. दारापासून पावलं निघाली होती. अनवाणी, सरळ रेषेत. मी त्यांच्यावरून उजेड नेत गेलो. थोडी पुढे गेल्यावर तीच पावलं बुटांची झाली होती. खिळेवाल्या, जड बुटांची. शेठकडे बूट नव्हते. मधे कुठे थांबल्याची खूण नाही. वळल्याची नाही.

रस्त्याच्या मधोमध डावा बूट उमटला होता.

उजव्यासाठी पुढे रस्ता होता. ओला. गुळगुळीत.

तिथे काही उमटलेलं नव्हतं.

ते काँक्रीट आता वाळलंय. उद्या उजेडात बघून या.