गोडं पाणी किती दूर?

विज्ञानाच्या नव्या खोलीत नुसतं डोकावून यावं म्हणून मनकर्णा गेली, आणि दारातच एका खोक्याला अडखळून पडता पडता वाचली.

"अवं बाई, काच हाय!" खोक्यामागून आवाज आला. "तुमचा पाय कापला त भरून येईन, नळ्या फुटल्या त मालक मलेच कापन!"

हसायला नको होतं, पण तिला हसू आलंच. गवतात गुंडाळलेल्या काचेच्या नळ्या काढत एक उंच, सावळा तरुण उकिडवा बसला होता. सूर्यभान त्याचं नाव. इंटर सायन्सपर्यंत शिकून घरच्या ओढाताणीनं थांबलेला. आता अकोल्याच्या एका दुकानातून शाळांना प्रयोगाचं सामान पोचवायचं आणि मांडून द्यायचं, हे त्याचं काम.

अमरावतीच्या त्या मुलींच्या शाळेत एकसष्ट साली पहिल्यांदाच फिजिक्स-केमिस्ट्री निघत होतं. ज्यांना झेपणार नाही त्यांनी गृहशास्त्र घ्यायचं. मुख्याध्यापिका इंदूबाईंनी महिन्याची मुदत दिली होती आणि मनकर्णाचं काही केल्या ठरत नव्हतं. ठरणार तरी कसं? माय गेल्यावर भातकुलीला धाकट्या भावंडांचं करता करता चार वर्षं शाळा सुटलेली. एकोणिसावं सरत आलं तरी बाईसाहेब नुकत्या कुठे नववी पास! अमरावतीत ती दुर्गाआत्याकडे राहायची, आणि आत्या उठता-बसता ऐकवायची, "सायन्सात भल्या भल्या पोट्ट्या आपटतात. नापास झाली, त शाळाबी गेली अन् वयबी गेलं!"

"कोनता विषय घेऊन राहिल्या?" सूर्यभाननं विचारलं.

"तेच त समजून नाही राहिलं."

"मंग अथी काहून आल्या?"

तिनं लाजत पदराआडची बाटली काढली. "आमच्या भातकुलीच्या विहिरीचं पानी हाय. ह्यात डाळ शिजत नाही, साबनाले फेस येत नाही. असते तरी काय ह्यात... ते पाहाचं होतं."

"खारपानातल्या हो तुमी?" त्याचे डोळे चमकले. "मंग आपन शेजारीच की!"

त्याचंही गाव पूर्णेकडच्या खारपाणपट्ट्यातलंच होतं. तिथं कुठंही विहीर खणा, खारंच पाणी लागायचं. त्यानं तिचं पाणी नळीत ओतलं आणि काळसर बाटलीतून सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. बघता बघता नळीत दह्यासारखं पांढरं साकळलं.

"बाप्पा!" मनकर्णानं नळी उजेडात धरली. लहानपणापासून जे प्याली ते आज तिला पहिल्यांदा दिसत होतं.

त्या गडबडीत एक थेंब तिच्या बोटावर पडला आणि थोड्या वेळानं तिथं काळा डाग उमटला. ती घासायला लागली.

"नाही निघत," तो म्हणाला. त्याच्या बोटांवरही तसेच डाग होते. "आठ-दहा दिवस राहाते."

"मंग मी काय करू?"

"काय करान... सांभाळा!"

बाहेर आषाढाची झड लागली होती, सगळं कसं राखाडी, ओलंगच्च. आणि ही वेडी रस्ताभर त्या डागाकडे बघत घरी गेली.

पुढच्या खेपेला त्यानं आपल्या गावचं पाणी आणलं. ते आणखी पांढरं झालं.

"आमचं जास्त!" तो म्हणाला.

"खारटपनाचाबी गर्व?"

"दुसरं हाय काय आमच्याजवळ?" तो हसला, आणि मग हसता हसताच गप्प झाला. ती बघतच राहिली. असा गप्प झालेला माणूस तिला फार आवडला.

झड उघडायच्या आत त्याच्या घरून मागणी आली. मनकर्णा मोहरून गेली! तो आपल्याला शिकवील, निदान शिकू देईल, असं तिनं मनाशी ठरवूनसुद्धा टाकलं. आत्यानं लिंबानं बोट घासून घासून लाल केलं, पण डाग काही हटला नाही.

पाहण्याचा कार्यक्रम रविवारी झाला. खारपाणात मुलीचा बाप आधी एकच गोष्ट विचारतो, आणि तीच मनकर्णाच्या बाबांनी, डोमाजींनी विचारली.

"गोडं पानी किती दूर हाय?"

याचं उत्तरही ठरलेलं असतं. 'हे काय, हाकेवर!' म्हणायचं. ते खोटं असतं, सगळ्यांना ठाऊक असतं, आणि सगळेच सुपारी तोंडात टाकून पुढे जातात. सूर्यभानच्या आईनं, भागीरथाबाईंनी, त्यासाठी तोंड उघडलंही होतं.

"दोन कोस," सूर्यभान म्हणाला. "बायाच आनतात. मायची कंबर गेली, म्हणून सून पाह्यजे. आल्यावर शाळा नाही होनार. दिवस पान्यातच जाते."

भागीरथाबाईंनी कपाळाला हात लावला. डोमाजींनी हातातली सुपारी परत तबकात ठेवली. दाराआड मनकर्णानं सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी विषय ठरवायची मुदत संपत होती. सूर्यभान रिकामी खोकी न्यायला आला तेव्हा ती खोलीतच उभी होती. डोळे रडून सुजलेले.

"काहून सांगतलं? सगळेच खोटं बोलतात! तुमी बोलले असते, त मी आली असती!"

"ठाऊक होतं. म्हणून त..." त्यानं खोक्याची दोरी आवळली. "मले तुमी लय आवडता, मनकर्णाबाई. नळी उजेडात धरून पाहाता, तवा तर... पन हंडा घेऊन दोन कोस चाललेल्या मले पाहावनार नाही."

"दोन वर्षं नाही थांबता येत?"

"मले येते. मायले नाही येत."

त्यानं आपल्या गावच्या पाण्याची बाटली टेबलावर ठेवली. "शिकान तवा ह्यातलं मीठ अलग करून पाहा." खोकी उचलून तो पावसात निघून गेला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

मनकर्णा इंदूबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"फिजिक्स-केमिस्ट्री."

"नक्की ना गं? मागाहून बदलता येणार नाही."

"नक्की, बाई."

बोटावरचा डाग पोळ्याच्या आधीच गेला. उन्हाळ्यात तांदूळ निवडता निवडता आत्या बोलून गेली, सूर्यभानचं लग्न झालं. मुलगी पातूरकडची. "दोन हंडे एकावर एक नेते म्हने!" मनकर्णानं ऐकलं आणि खडे वेचत राहिली.

अकरावीत पाण्याची वाफ धरून पुन्हा पाणी करायचा प्रयोग आला. सगळ्या मुलींनी शाळेच्या माठातल्या पाण्यात मीठ कालवून घेतलं. मनकर्णानं कपाटातून ती जुनी बाटली काढली. चंबूखाली स्पिरिटचा दिवा लावला आणि बसून राहिली. थेंब... मग आणखी एक थेंब... तास संपत आला तेव्हा चंबूच्या बुडाला पांढरं मीठ उरलं होतं, आणि पेल्यात चार घोट पाणी. दोन कोसांची पायपीट करणाऱ्या पातूरकडच्या त्या पोरीची एका वेळची तहानही त्यानं भागली नसती.

"चव कशी आहे, मनकर्णा?" बाईंनी विचारलं.

तिनं पेला ओठाला लावला.

"गोडं आहे, बाई," ती म्हणाली, आणि सगळ्या वर्गादेखत तिला रडू कोसळलं.